सैन्यकपातीचा हिशेब

सैन्य कमी केले की पैसा वाचतो, हे गणित वरवर सोपे वाटते. पण बचत सगळ्या देशात विखुरते आणि गेलेल्या नोकऱ्या मात्र ठरावीक गावांतल्या असतात. वाद तिथेच पेटतो.

१९४५ मध्ये अमेरिकेचे सुमारे १ कोटी २० लाख लोक गणवेशात होते; दोन वर्षांत उरले जेमतेम १६ लाख. आता प्रचंड बेकारी येणार, असा इशारा अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युअलसन यांनी १९४३ मध्येच दिला होता. प्रत्यक्षात १९४६ मध्ये बेकारी चार टक्क्यांच्या आसपासच राहिली. युद्धकाळात मोटारी मिळत नव्हत्या, रेशनिंग होते, त्यामुळे लोकांची बचत युद्धरोख्यांत आणि बँकांत साठली होती. ती बाजारात आली आणि कारखान्यांना गिऱ्हाईक मिळाले. माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या १९४४ च्या 'जीआय बिल' या कायद्यामुळे लाखो माजी सैनिक नोकरीच्या रांगेऐवजी महाविद्यालयांत गेले. (कारखान्यांतून घरी पाठवलेल्या कित्येक स्त्रिया बेकारीच्या आकड्यांत दिसतच नाहीत, ही गोष्ट वेगळी.)

रशियाच्या वाट्याला असे गिऱ्हाईक आलेच नाही. डिसेंबर १९८८ मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी संयुक्त राष्ट्रांत पाच लाख सैनिक कमी करण्याची घोषणा केली. शस्त्रकारखान्यांनी नागरी माल बनवावा, असे ठरले. तसे सोव्हिएत टीव्ही आधीपासून याच कारखान्यांत बनत. पण १९९२ मध्ये शस्त्रखरेदी एका फटक्यात सुमारे दोन तृतीयांशाने कापली गेली. त्याच वर्षी महागाईने लोकांची बचत गिळली. मग फ्रिज बनवले तरी घेणार कोण? एकाच कारखान्यावर जगणारी शहरे सर्वाधिक होरपळली.

अमेरिकेचा संरक्षण खर्च १९८६ मधल्या जीडीपीच्या सुमारे सहा टक्क्यांवरून नव्वदच्या दशकाअखेर तीन टक्क्यांवर आला. लष्करी खर्च घटल्याने वाचणाऱ्या पैशासाठी 'शांततेचा लाभांश' हा शब्द तेव्हाच रुळला. १९९८ नंतरच्या शिलकी अंदाजपत्रकांत या कपातीचा वाटा होता, पण विमानउद्योगावर जगणाऱ्या दक्षिण कॅलिफोर्नियाला त्याची झळ मोठी बसली.

युरोपात ही बचत सर्वांत लांबली. जर्मनीने २०११ मध्ये सक्तीची लष्करी सेवा स्थगित केली आणि २०२२ मध्ये लष्करासाठी १०० अब्ज युरोंचा खास निधी उभारला. पण निधी मंजूर झाला म्हणून बंद पडलेल्या उत्पादनरांगा लगेच सुरू होत नाहीत. युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचे मार्च २०२३ मधले युरोपीय संघाचे आश्वासन ठरल्या मुदतीत पुरे झाले नाही.