बीड (माळव्यातील राखीव कुरण)

बीड म्हणजे गवतासाठी राखलेले मोकळे रान. शब्द माळव्यातला आणि राजस्थानातला. महाराष्ट्रात यालाच कुरण म्हणतात, सौराष्ट्रात वीडी. मराठवाड्यातल्या बीड शहराशी या नोंदीचा संबंध नाही. इंदूर, धार, रतलाम, उज्जैन या पट्ट्यात बीड आषाढाच्या सुमारास बंद होते, दसरा-दिवाळीकडे त्यातले गवत कापले जाते आणि कापणी उरकली की गुरे सोडली जातात. गुरांना चारा हवा, रानातल्या पाखरांना आसरा हवा आणि माणसांना येण्याजाण्याची मुभा हवी. एकाच जमिनीवरचे हे तीन हक्क माळव्याने महिने वाटून सांभाळले. ही वाटणी जिथे टिकली तिथे रानही टिकले.

इंदूरच्या मराठी माणसाला हा विषय परका नाही. होळकरांचे घराणेच धनगरांचे. मल्हारराव (जन्म १६९३) नीरेकाठच्या होळ गावचे, आणि मराठ्यांच्या घोडदळाची सारी मदार गवतावर. घोडा दाण्यावर धावतो खरा, पण वर्षभर जगतो वैरणीवरच. त्यामुळे संस्थानी काळात बिडे राखली जात ती आधी पागेसाठी आणि मग शिकारीसाठी. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या वाटा फुटल्या. काही वनखात्याकडे गेली, काही जुन्या संस्थानिकांच्या आणि जहागीरदारांच्या खासगी मालकीत राहिली, काही महसुली दप्तरात ‘चरनोई’ म्हणून नोंदली गेली. चरनोई म्हणजे आपले गायरान. मध्य प्रदेशाच्या १९५९च्या भू-राजस्व संहितेत गावाच्या निस्ताराची, म्हणजे चराई, जळण, वाट, पाणी अशा रोजच्या गरजांची तरतूद आहे आणि गावोगावच्या निस्तार पत्रकात हे हक्क लिहिलेले असतात. पुढे चरनोईचे प्रमाण कमी करून भूमिहीनांना पट्टे दिले गेले. त्यामागचा हेतू न्याय्य होता, पण उरलेल्या कुरणावर गुरांचा भार वाढला, हेही तितकेच खरे.

गवताचे वर्ष समजल्याशिवाय बिडाचे नियम समजत नाहीत. पहिल्या पावसानंतर कोंब वर येतो तो मुळांत साठवलेल्या शिदोरीवर. तो चार बोटे होताच जनावर तोंड लावू पाहते आणि नेमकी तेव्हाच गवताला सर्वांत मोठी इजा होते, कारण शिदोरी संपलेली असते आणि नव्या पानांनी ती भरून काढलेली नसते. श्रावण-भाद्रपदात गवत पोटरीत येते, फुलोरा धरते. आश्विनात बी पिकून गळते. बी पडल्यावर खुशाल कापा, चारा. गुरांच्या खुरांनी बी मातीत दाबले जाते, शेणामुताने जमीन सावरते. याउलट वर्षानुवर्षे ना विळा लागला ना गुरे शिरली, तर जुन्या काडाचा थर साचतो, नव्या फुटव्यांना ऊन मिळत नाही, उन्हाळ्यात एका ठिणगीने सगळे पेट घेते, आणि हळूहळू घाणेरी, बोर, विलायती बाभूळ शिरून कुरणाची झुडपाट होते. म्हणून ‘चराई वाईट’ किंवा ‘चराई चांगली’ असे सरसकट बोलण्यात अर्थ नाही. कधी, किती आणि किती दिवस, हे विचारावे.

चराई जास्त झाली की शेडा, पवन्या, मारवेल ही गोड गवते आधी जातात आणि कुसळी माजते. कुसळीचे कुसळ जवळून पाहण्यासारखे असते. टोक भाल्यासारखे, मागे काळपट शेपूट आणि शेपटीला पीळ. ओल लागली की पीळ उलगडतो, टोक गरगरत आत शिरते: मातीत, मेंढीच्या लोकरीत, चरणाऱ्या गुराच्या तोंडात आणि फिरायला आलेल्याच्या मोज्यातही. ज्या रानातून परतल्यावर बराच वेळ मोज्यातली कुसळे वेचत बसावे लागते, त्या रानाची विश्रांती हुकली आहे असे ढोबळमानाने समजावे.

बिडाचे सर्वांत मोलाचे पाखरू तणमोर. माळव्यात त्याला खरमोर म्हणतात. माळढोकाच्या कुळातला हा सर्वांत लहान पक्षी, जेमतेम कोंबडीएवढा. पावसाळ्यात तो माळव्यात येतो. नर काळाभोर होतो, कानामागून रिबिनीसारखी पिसे फुटतात आणि गवतातून तो सरळ वर उडी घेतो, पाच-सहा फूट, पंखांचा फरफर आवाज करीत. पुन्हा खाली, पुन्हा वर. दिवसभरात अशा शेकडो उड्या. गवत गुडघ्याएवढे असेल तरच हा खेळ जमतो: नराने उडी मारली तर दिसला पाहिजे आणि मादी बसली तर दिसता कामा नये. मादी जमिनीवरच तीन-चार अंडी घालते, साधारण तीन आठवडे उबवते. म्हणजे बीड बंद असण्याचे दिवस आणि तणमोराच्या विणीचे दिवस एकच. राजांनी गवत राखले घोड्यांसाठी, आणि त्याच्या आडोशाने एक पक्षी शतकानुशतके वाढला. घोडे गेले, बंदी सैल झाली, सोयाबीन आले आणि तणमोर आटला. २०२१ पासून तो संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात आहे.

पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या शिफारशीनंतर १९८३ मध्ये रतलाम जिल्ह्यात सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर ही खरमोर अभयारण्ये जाहीर झाली. दोन्हींत फरक मोठा आहे. सैलाना लहान, सुमारे १३ चौरस किलोमीटरचे, आणि त्याचा गाभा जुन्या राखीव कुरणाचा. सरदारपूर जाहीर झाले तेव्हा सुमारे ३४८ चौरस किलोमीटरचे, आणि त्यात १४ गावांच्या शेतजमिनी आल्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्याचा इरादा जाहीर होताच त्या हद्दीत नवे हक्क निर्माण होत नाहीत, त्यामुळे तिथली खरेदी-विक्री अडकली. मुलीच्या लग्नासाठी दोन बिघे विकायला निघालेल्या शेतकऱ्याने त्या पाखराकडे कौतुकाने का पाहावे? वनखात्याने नंतर वेगळी वाट धरली: शेतात खरमोर दिसल्याची खबर देणाऱ्या, घरटे जपणाऱ्या शेतकऱ्याला रोख बक्षीस. सोयाबीन-मुगाच्या रानातही हा पक्षी उतरतो, म्हणून ही योजना महत्त्वाची.

हद्द अवाच्या सवा आखली की काय होते, ते ग्वाल्हेरकडे दिसले. शिवपुरी जिल्ह्यातले करेरा अभयारण्य १९८१ मध्ये माळढोकासाठी झाले. जमिनीचे व्यवहार अडले, काळविटांनी पिके खाल्ली, लोकांचा राग वाढत गेला. १९९०च्या दशकात तिथून माळढोक नाहीसा झाला आणि पुढे अभयारण्याचा दर्जाही गेला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याची १९७९ मधली हद्द आठ हजार चौरस किलोमीटरांहून मोठी होती. ती नंतर बाराशेच्या आसपास आणावी लागली. सरसकट बंदीचा धडा राजस्थानातल्या भरतपूरचा. केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ मध्ये गुरांना बंदी झाली, गोळीबारात गावकऱ्यांचे जीव गेले. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात दिसले की म्हशी गेल्यावर पाणथळीतले गवत माजून पाखरांचे उघडे पाणीच आक्रसत चालले होते. कायद्याचा काटेकोरपणा इथे आडवा येतो: राष्ट्रीय उद्यानात चराई निषिद्धच, अभयारण्यात मात्र ती नियमांनी चालू ठेवता येते. बिडांसाठी ही दुसरी सोयच कामाची. २००२च्या दुरुस्तीने आलेली ‘सामुदायिक राखीव’ ही तरतूद गावच्या कुरणांना अधिक जुळणारी आहे. तिचा वापर व्हायला हवा तितका झालेला नाही.

बाहेरून येणाऱ्या गुरांचा प्रश्न निराळा. मारवाडातले रायका मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या-उंटांचे कळप घेऊन माळव्यात उतरतात. कापणी झालेल्या शेतात शेतकरी रात्रीच्या मेंढ्या बसवतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. वनखात्याशी त्यांचे खटके जुने आहेत. २००६च्या वनाधिकार कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य केलेला आहे, पण जो समाज वर्षातून काही आठवडेच एका गावात असतो त्याने दावा कोणत्या ग्रामसभेपुढे मांडायचा, ही अडचण कागदावर सुटत नाही.

लोकांच्या वावराचे चित्र इंदूरच्या दारातच पाहायला मिळते. शहराच्या दक्षिणेला राळामंडळची टेकडी. माथ्यावर होळकरांची शिकारकोठी, भोवती सुमारे २३५ हेक्टरांचे, १९८९ मध्ये जाहीर झालेले अभयारण्य. इथे तोडगा कुंपणाचा आहे: गुरे बाहेर, माणूस तिकीट काढून ठरल्या वाटेने आत. वस्तीने वेढलेल्या एवढ्याशा रानाला तेच योग्य. पण हाच नमुना उघड्या बिडांवर उतरवू नये. तिथे वाट मोडून गवतात शिरणारा एक माणूस, किंवा त्याच्याबरोबरचा मोकळा कुत्रा, श्रावणात गुरांच्या कळपाएवढेच नुकसान करतो: मादी अंड्यांवरून उठते ती कावळ्याच्या नजरेस पडते. पावसाळा हाच इंदूरकरांच्या गोटीचा हंगाम (गोट म्हणजे माळव्यातले दाल-बाफल्यांचे वनभोजन), आणि पाताळपाणी, चोरल, जानापाव ही ठिकाणे तेव्हा माणसांनी भरून जातात. दगडी कड्यांना आणि धबधब्यांना ती गर्दी सोसते. कुरणाला त्या तीन महिन्यांत ती सोसत नाही. तिथे पावसाळ्यात बांधावरून, दुर्बिणीतून पाहावे. दिवाळीनंतर मात्र पेंढ्या बांधून गंजी रचल्या गेल्या, माळवी बैल उरलेल्या खुंटांवर सुटले, की त्याच रानात कुणीही मोकळेपणी हिंडावे. तोवर तणमोरही निघून गेलेला असतो.