एम्पेडोक्लीजने ज्वालामुखीत उडी घेतली होती का?

‘स्वतःला देव सिद्ध करण्यासाठी ग्रीक तत्त्वज्ञ एम्पेडोक्लीजने एटना ज्वालामुखीत उडी घेतली, पण त्याची ब्राँझची चप्पल बाहेर फेकली गेली,’ ही गोष्ट आपण अनेकांनी वाचली आहे. ती इतकी चित्रमय आहे की खरी वाटणे स्वाभाविकच.

एम्पेडोक्लीज इ.स.पू. पाचव्या शतकातला, सिसिलीतल्या अक्रागास शहराचा. ही कथा मुख्यतः डायोजेनीस लाएर्तियसच्या चरित्रग्रंथातून आपल्यापर्यंत आली, आणि तो ग्रंथ साधारण सहाशे वर्षांनंतरचा. त्यातला आठवा खंड उघडून पाहा; इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर मोफत आहे. तिथे मृत्यूच्या एक नव्हे, अनेक हकिकती आहेत: कुठे गाडीतून पडून मांडीचे हाड मोडले, कुठे समुद्रात पडला. सिसिलीचाच इतिहासकार तिमेअस उडीची कथा साफ नाकारतो. त्याच्या मते एम्पेडोक्लीज पेलोपोनीजला, म्हणजे दक्षिण ग्रीसला गेला, तो परतलाच नाही. इतक्या परस्परविरोधी हकिकतींतून एकच निवडून ती इतिहास म्हणून सांगता येत नाही.

मला खंत वाटते ती वेगळीच. त्याच ग्रंथात, एम्पेडोक्लीजने स्वतःला देऊ केले गेलेले राजेपद नाकारले, हजार जणांची सत्ताधारी सभा मोडली, लोकांची बाजू घेतली, असेही लिहिले आहे. याही उशिराच्याच नोंदी, त्या तितक्याच सावधपणे वाचाव्यात; पण त्या कुणी पुढे पाठवत नाही.