खुलासा : सरकारी आकडे वापरून ॲप बनवणं गुन्हा आहे का?

"सरकारी साइटवरचे आकडे घेऊन ॲप बनवलं तर गुन्हा दाखल होतो, आधी लेखी परवानगी काढा." हा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर बरीच वर्षं फिरतोय. भीती अनाठायी नाही. सरकारी कागद म्हटला की शिक्का आठवतोच.

पण खुल्या डेटाचा, म्हणजे सरकारने सगळ्यांना वापरायला दिलेल्या माहितीचा, नियम वेगळा आहे. 2012 मध्ये केंद्राचं डेटा खुला करण्याचं धोरण आलं. 2017 मध्ये 'गव्हर्नमेंट ओपन डेटा लायसन्स – इंडिया' आलं. या परवान्याखालचा डेटा कुणीही वापरू शकतो, बदलू शकतो, त्यावर व्यवसायही करू शकतो. वेगळी परवानगी लागत नाही. स्रोत मात्र लिहावा लागतो.

स्वतः बघायचं तर 'डेटा डॉट गव्ह डॉट इन' ही सरकारी साइट उघडा आणि बाजार समित्यांचे रोजचे भाव शोधा. किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर क्विंटलमागे दिलेले असतात. वापराच्या अटीही तिथेच वाचता येतात.

मेसेजमध्ये खरं एवढंच, की सगळंच खुलं नसतं. लाभार्थ्यांची नावं, आधार, मोबाइल क्रमांक, सातबाऱ्यावरची खातेदारांची माहिती या परवान्यात येत नाही. सरकारी बोधचिन्हही लावता येत नाही.

माझ्या मते खरी अडचण कायद्याची नाहीच, आकड्यांची आहे. एखाद्या बाजाराची नोंद त्या दिवशी आलेलीच नसते, मग ॲप कालचाच भाव दाखवतं. म्हणून कोड लिहिणाऱ्या पोरासोबत हिंगणघाटला कापूस किंवा वाशिमला सोयाबीन नेणारा कुणीतरी हवा. तो तिथला भाव पडताळून सांगेल, आणि भावाशेजारी तारीख ठळक छापा.