सेकंदाला एक थेंब पाणी आणि स्वस्तातला प्रोसेसर

परवा मित्राच्या मुलाला सीपीयू कूलर (कॉम्प्युटरचा प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा आणि पत्रे) घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. दुकानदाराने खोका फोडून कूलर काउंटरवर ठेवला, त्याच्या बुडातून निघून पत्र्यांमध्ये घुसलेल्या चार तांब्याच्या नळ्यांवर नखाने टकटक केलं आणि म्हणाला, "प्युअर कॉपर साहेब, सॉलिड रॉड, हातात वजन घेऊन बघा." मी म्हटलं, अहो ते रॉड नाहीत, आतून पोकळ असतात आणि आत पाणी असतं. त्यावर तो जरा दुखावलाच. "पोकळवाला डुप्लिकेट माल आपण ठेवतच नाही!"

गंमत अशी की सॉलिड असते तर तो कूलर भंगारात विकायच्या लायकीचा राहिला असता. हे त्याला तिथे गर्दीत समजावता आलं नाही म्हणून इथे लिहितोय.

आधी माझी भानगड सांगतो. माझ्याकडे एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर आहे, एप्रिल २०१८ मध्ये आलेला, सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅटचा, म्हणजे त्यावेळच्या मध्यमवर्गीय बजेटमधला. याचा मल्टिप्लायर (ज्या आकड्याने गुणून चिपचा वेग ठरतो तो) कंपनीने कुलूपबंद केलेला नाही, त्यामुळे बी४५० सारखा मदरबोर्ड असेल तर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन त्याला फुकटात पळवता येतं, यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात (ए३२० बोर्डवर हे जमत नाही, घेताना बघून घ्या). सोबत खोक्यात रेथ स्टेल्थ नावाचा कूलर येतो, तो म्हणजे ॲल्युमिनियमचा एक खाचाखाचांचा गोळा आणि वर पंखा, बस. जितकं काम सांगितलंय तितकं बिचारा करतो.

आता पळवायचं म्हणजे नेमकं काय होतं? सगळे कोर कामाला लागले की माझा प्रोसेसर साधारण ३.६ गिगाहर्ट्झवर चालायचा, त्याला ४.० वर न्यायचं तर नुसता आकडा बदलून भागत नाही, व्होल्टेजही वाढवावं लागतं, कारण आतले ट्रान्झिस्टर तेवढ्या घाईत चालू-बंद व्हायला जास्त रेटा मागतात. आणि इथेच मेख आहे. चिपची उष्णता फ्रिक्वेन्सीच्या पटीत वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. मी १.१५ वरून १.३२५ व्होल्टवर गेलो. हिशेब करा, १.३२५ भागिले १.१५, त्याचा वर्ग म्हणजे १.३३, त्याला वेगवाढीचे १.११ गुणा, आले जवळपास १.४७. म्हणजे वेग मिळाला ११ टक्के आणि उष्णता वाढली ४७ टक्के! ७० वॅटचे १०५ वॅट झाले म्हणा ना. आणि हे १०५ वॅट बाहेर पडतात कुठून, तर बोटाच्या नखापेक्षा थोड्याच मोठ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून. पूर्वी घरात जो शंभरचा बल्ब असायचा तो आठवा, त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती, आणि तो तर पेरूएवढा होता.

तर ही उष्णता त्या नखाएवढ्या जागेतून उचलून तळहाताएवढ्या पत्र्यांच्या चवडीवर नेऊन पसरवायची, मग पंखा ती हवेला देईल. हवेला देणं तसं कठीण नाही, १०५ वॅट घेऊन हवा १० अंशांनी गरम व्हायची असेल तर सेकंदाला ९ लिटर हवा पुरते, १२० मिलिमीटरचा कुठलाही बरा पंखा याहून जास्त ढकलतो. खरा प्रश्न वाहतुकीचा आहे, चिपपासून पत्र्यांपर्यंतचे १५ सेंटिमीटर.

तांबं उष्णतेचं उत्तम वाहक, हे आपण शाळेत शिकलो. पण किती उत्तम? समजा त्या चार नळ्या दुकानदार म्हणतो तशा भरीव दांड्या आहेत, ६ मिलिमीटर जाड, १५ सेंटिमीटर लांब, आणि प्रत्येकीने साधारण २५ वॅट न्यायचे आहेत. तांब्याची उष्णतावाहकता ४०० धरून गणित मांडलं तर दांडीच्या दोन टोकांच्या तापमानात ३३० अंशांचा फरक लागतो. पत्र्याकडचं टोक अगदी खोलीच्या तापमानाला धरलं तरी चिपकडचं टोक साडेतीनशेच्या पुढे. शिसं ३२७ ला वितळतं! आणि माझ्या प्रोसेसरची सहनशक्ती ९५ अंशांची.

मग हे काम होतं कसं? तर माठासारखं.

माठातलं पाणी गार होतं कारण बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. दहावीला अप्रकट उष्मा होता बघा, १०० अंशांच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला ५४० कॅलरी, आणि तेवढ्या उष्णतेने तापमान एक अंशानेही वाढत नाही, ती सगळी वाफेच्या पोटात लपून बसते, म्हणून अप्रकट. आणि वाफेचं परत पाणी झालं की जशीच्या तशी बाहेर येते. (इडलीच्या भांड्याचं झाकण काढताना हात भाजलाय ना? तेच.) कूलरमधल्या त्या नळ्यांचं नाव हीट पाइप, म्हणजे ही सगळी यात्रा एका बंद नळीत. तांब्याची नळी घ्यायची, आत पाणी अगदी थोडं, चमचाभरही नाही, हवा पूर्ण काढून टाकायची आणि टोकं बंद करायची. हवाच नाही म्हटल्यावर आतला दाब फक्त पाण्याच्या वाफेचा, ६० अंशांना तो बाहेरच्या दाबाच्या पाचवा भाग असतो, २५ अंशांना तर जेमतेम ३ टक्के. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढवून पाणी १०० च्या वर उकळतं, इथे उलटं, पाणी उकळायला टेकलेलंच असतं, चिपचं टोक जरा गरम झालं की तिथलं पाणी वाफ होतं, वाफ गार टोकाकडे धावते, तिथे पत्र्यांना उष्णता देऊन पाणी होते. दोन टोकांत फरक लागतो काही अंशांचा. कुठे ३३० आणि कुठे हे.

आणि पाणी लागतं किती? १०५ वॅट म्हणजे सेकंदाला १०५ ज्यूल, एक ग्रॅम वाफ साधारण २,२६० ज्यूल नेते, भागाकार करा, सेकंदाला ०.०४६ ग्रॅम. ड्रॉपरचा एक थेंब ०.०५ ग्रॅमचा. म्हणजे चारही नळ्यांत मिळून सेकंदाला एक थेंब पाणी वाफ होतंय, एक थेंब परत येतंय, आणि तेवढ्यावर माझा सहा कोरचा प्रोसेसर थंड राहतोय! हे पहिल्यांदा वहीवर आलं तेव्हा मी दशांश चिन्ह चुकलं म्हणून तीनदा करून बघितलं. तुलनेला, पंपाने पाणी फिरवणारं महागडं वॉटर कूलिंग घेतलं आणि पाणी १० अंशांनी तापू दिलं तर एक ग्रॅम पाणी फक्त १० कॅलरी नेतं, ५४० नाही, म्हणजे तेच काम करायला चोपन्नपट पाणी पळवायला पंप हवा.

पण परत येतं कसं हा खरा प्रश्न आहे आणि माझा सगळ्यात आवडता भाग हाच आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. नळीत पंप नाही. नळी उभी असेल तर पाणी वजनाने खाली येईल, पण कॅबिनेटमध्ये बोर्ड उभा असतो, कूलर आडवा, नळ्याही आडव्या, एखादी तर वाकून उलटी चढते. तिथे पाण्याला ओढतं कोण? समईची वात. वात तेल वर ओढते ना, तेच केशाकर्षण. नळीच्या आतल्या भिंतीवर तांब्याची भुकटी भाजून चिकटवलेली असते, बारीक रव्यासारखी, आणि त्या कणांमधल्या फटीत पाणी धरून राहतं. चिपच्या टोकाला पाणी वाफ होऊन उडतं तसा फटीतला पाण्याचा पृष्ठभाग आत खोलगट होतो, आणि जितका खोलगट तितका तो मागचं पाणी जोराने ओढतो. हा ओढा म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले फटीची त्रिज्या. ६० अंशांच्या पाण्याचा पृष्ठताण ०.०६६, फटीची त्रिज्या ५० मायक्रॉन धरा, उत्तर येतं २,६४० पास्कल, म्हणजे पाणी २७ सेंटिमीटर सरळ वर चढवण्याइतका. आपला कूलर १५-१६ सेंटिमीटरचा, म्हणजे जमलं. मग फटी अजून बारीक का करत नाहीत? कारण फट निम्मी केली तर ओढा दुप्पट होतो पण घर्षण त्याहून झपाट्याने वाढतं आणि पाणी पोचायलाच उशीर होतो. आणि उशीर झाला, म्हणजे वाफ होण्याचा वेग परत येण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला, की चिपकडची वात कोरडी पडते. तेल संपल्यावर वात स्वतःच जळते तसं. ६ मिलिमीटरची नळी साधारण ३०-४० वॅटपर्यंत तग धरते, म्हणून दोन नळ्यांचा कूलर आणि चार नळ्यांचा कूलर यात फरक पडतो, पंख्यातल्या रंगीत लाइटने पडत नाही.

ही कल्पना कॉम्प्युटरवाल्यांची नाहीच मुळी. जनरल मोटर्समधल्या रिचर्ड गॉगलरने १९४२ साली पेटंटचा अर्ज केला होता, रेफ्रिजरेशनसाठी, ते तसंच पडून राहिलं. मग १९६३ मध्ये लॉस अलामॉसला जॉर्ज ग्रोव्हरने स्वतंत्रपणे ती परत शोधली, त्याला अंतराळातल्या अणुभट्टीची उष्णता हलवायची होती, 'हीट पाइप' हे नाव त्याचंच. अलास्काच्या तेलाच्या पाइपलाइनला अमोनिया भरलेल्या अशा १ लाख २४ हजार नळ्या आहेत, खालची गोठलेली जमीन वितळू नये म्हणून. आणि तीच वस्तू आता दोन हजारांच्या आतबाहेर मिळते, सोबत पेस्टची पुडी फ्री.

मीही असाच चार नळ्यांचा कूलर घेतला, आता तो बसवतानाचं. माझा जुना कूलर काढताना मी चारही स्क्रू सोडले आणि सरळ वर ओढला, तर खाली प्रोसेसरच चिकटून वर आला! वाळलेली पेस्ट डिंकासारखी झाली होती आणि या सॉकेटची खिट्टी फक्त पायांना धरते, वरून काही दाबत नाही. चार पिना वाकल्या. रात्री अकराला टेबल लॅम्पखाली, ०.५ च्या पेन्सिलचं शिसं काढून त्या रिकाम्या टोकात एकेक पिन घालून सरळ केली, श्वास रोखून, बायको दारात उभी राहून विचारते, "घड्याळ दुरुस्त करतोयस का?" तेव्हा काढायच्या आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट मऊ करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर डावीउजवीकडे पिळा आणि सुटल्यावर उचला. दुसरं, स्क्रू सुटले की बोर्डामागची पट्टी खाली पडते, ती एका हाताने धरा.

पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. तिचं काम दोन धातूंमधल्या खरखरीत फटीतली हवा घालवणं एवढंच, ती स्वतः तांब्यापेक्षा कितीतरी मंद वाहक आहे, श्रीखंडासारखी थापली तर उलट अडथळा होतो. आणि टूथपेस्ट लावून 'चालतं चालतं' म्हणणारे व्हिडिओ आहेत, चालतं, आठवडाभर, मग तिच्यातलं पाणी उडून तिचा खडू होतो.

निकाल सांगतो. खोली ३२ अंश. जुन्या कूलरवर, काहीही न वाढवता, प्राइम९५ (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारा प्रोग्रॅम) लावून अर्ध्या तासाने ८४. नव्यावर, ४.० गिगाहर्ट्झला, ७२. उष्णता दीडपट आणि तापमान १२ अंशांनी कमी. ओहमच्या नियमासारखं आहे हे, चिप आणि खोलीतला फरक म्हणजे व्होल्टेज, वॅट म्हणजे करंट, कूलर म्हणजे रेझिस्टन्स. जुना ५२ भागिले ७०, दर वॅटला ०.७४ अंश. नवा ४० भागिले १०५, ०.३८. निम्मा. आणि यातच हेही आलं की खोली जितकी तापेल तितकीच चिप तापेल, नागपूरला माझा मावसभाऊ मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत बसतो, त्याला हीच सेटिंग ८२ दाखवते. पंखा कितीही जोरात फिरवा, खोलीपेक्षा खाली काही जात नाही, कारण माठाचं पाणी उडून जातं आणि यातलं आतच राहतं. (त्याने खसचा कूलर कॅबिनेटकडे वळवला होता. तापमान उतरलं खरं, पण सगळी दमट हवा बोर्डावर, ते मी बंद करायला लावलं.)

एक गोष्ट कुणी सांगत नाही. जुना कूलर वरून खाली बोर्डावर वारा मारायचा, त्यात सॉकेटच्या बाजूचे व्होल्टेज सांभाळणारे भाग आपोआप गार व्हायचे. नवा टॉवर कूलर (पत्र्यांची चवड मनोऱ्यासारखी असलेला) वारा आडवा मागच्या बाजूला नेतो, त्यांच्या वाट्याला काही येत नाही, आणि स्वस्त बोर्डावर त्यांना पत्राही नसतो. प्रोसेसर ७२ दाखवतोय म्हणून आपण खूश आणि बाजूला हे भाग शंभरीकडे. कॅबिनेटच्या मागे एक पंखा लावा, चारपाचशे रुपयांचं काम आहे.

ऑफिसात एकाच्या कॅबिनेटला लिंबू-मिरची आहे, ती नेमकी हवा आत येते त्या जाळीवर. दसऱ्याला कीबोर्डला झेंडू मीही वाहतो, त्याने कुणाचं काही बिघडत नाही, पण जाळी अडवली तर दोन अंश वाढतात, मी मोजलेत. आणि 'माझी चिप ४.२ ला जाते, नशीब' हेही ऐकतो. एकाच साच्यातल्या दोन चिपा थोड्या वेगळ्या निघतात, एकीला कमी व्होल्टेज पुरतं, ते नशीब नाही, ते तासाभरात मोजून कळतं. पत्रिकेचं तसं नसतं.

तर दुकानदार. घरी मेलेल्या लॅपटॉपमधली एक चपटी हीट पाइप होती आणि एका जुन्या कूलरच्या नळीचा हॅक्सॉने कापलेला तुकडा होता, दोन्ही खिशात घालून पुढच्या शनिवारी परत गेलो. त्याच्याच चहाच्या ग्लासात लॅपटॉपवालीचं एक टोक बुडवलं आणि दुसरं त्याच्या बोटात दिलं. तीन सेकंदांत "अरे!" म्हणून सोडली. मग कापलेला तुकडा दिला. तो त्याने उजेडाकडे धरला, आतल्या तांब्याच्या रव्यावरून नख फिरवलं, तोंडाला लावून फुंकून पाहिलं. "पोकळच आहे की हो." आणि आतलं पाणी? म्हटलं, कापताना उडालं, होतंच किती.

तेवढ्यात कॉलेजची दोन पोरं आली, कूलर दाखवा म्हणाली. त्याने तोच खोका काढला, नळ्यांवर तशीच टकटक केली आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "आत पाणी आहे याच्या. वॉटर कूलिंग. दोनशे जास्त पडतील."