लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड : कामासाठी व गेमिंगसाठी निवड

ग्राफिक्स कार्डाचा गाभा म्हणजे जीपीयू : पडद्यावरचे चित्र घडवणारा आणि त्यासाठी लागणारी आकडेमोड एकाच वेळी हजारो धाग्यांत करणारा लॅपटॉपमधला प्रोसेसर. डेस्कटॉपचे कार्ड काढून दुसरे बसवता येते. लॅपटॉपमध्ये ही चिप जवळपास नेहमीच मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. एसएसडी बदलता येईल, बऱ्याच मॉडेलांत रॅमही वाढेल, पण कार्ड पहिल्या दिवशी घेतले तेच शेवटपर्यंत.

इंटिग्रेटेड ग्राफिक्स मुख्य प्रोसेसरच्याच चिपमध्ये असते आणि साध्या रॅममधूनच स्वतःपुरती मेमरी घेते. नवी मुंबईतल्या ऐरोली, महापे, घणसोली या पट्ट्यातल्या आयटी नोकरीला, म्हणजे कोडिंग, एक्सेल आणि दिवसभराच्या मीटिंगांना, एवढे पुरते. शिवाय तिथला लॅपटॉप बहुधा कंपनीचाच असतो आणि त्यावर गेम टाकता येत नाहीत. इंटिग्रेटेडवर भागवायचे असेल तर रॅमच्या दोन पट्ट्या घ्याव्यात; ८ जीबीची एकच पट्टी असली की तीच चिप बरीच मंद चालते. काउंटरवर हे आपणहून कोणी क्वचितच सांगतो.

डेडिकेटेड कार्डाला स्वतःची मेमरी असते, तिला व्हीरॅम म्हणतात. निवडीचा खरा घोळ इथे सुरू होतो, कारण खोक्यावरच्या नावावरून कार्डाची ताकद कळत नाही. एनव्हिडिया या कंपनीचे आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपचे कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर चालवायची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला आहे. या आकड्याला टीजीपी म्हणतात. त्यामुळे जाडजूड लॅपटॉपमधले पूर्ण वॉटेजचे ४०६० हे सडपातळ लॅपटॉपमधल्या ४०७० ला सहज मागे टाकू शकते. व्हीरॅम तर दोन्हींत ८ जीबीच आहे. डेस्कटॉपशी तुलना करणे आणखी फसवे. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये १६ जीबी मेमरी आणि ९,७२८ कोअर (आकडेमोड करणारे भाग) आहेत, डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये २४ जीबी आणि १६,३८४. पूर्वी कमी विजेच्या कार्डांच्या नावापुढे मॅक्स-क्यू असे लिहिलेले असे (२०१७ पासून). २०२१ मध्ये आलेल्या ३० मालिकेत (३०६०, ३०७० अशा नावांच्या कार्डांत) ती वेगळी खूण नावातून गेली आणि ओळखणे उलट अवघड झाले.

यावर उपाय सोपा आहे. डेमोचा लॅपटॉप चार्जरला लावून एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडावे आणि सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये कमाल ग्राफिक्स पॉवरचा आकडा वाचावा. तो दाखवायला दुकानदार का कू करू लागला तर दुसरे दुकान पाहावे.

वॉट म्हणजे उष्णता, आणि ठाण्यात एप्रिल-मेमध्ये ती खोलीतच भरपूर असते. खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच वर चढते. नव्वदीच्या अलीकडेच कार्ड स्वतःचा वेग उतरवते, यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. एसी लावलेल्या शोरूममधल्या पाच मिनिटांच्या डेमोत हे दिसत नाही. घोडबंदर रोडवरच्या पश्चिमेकडच्या फ्लॅटमध्ये, दुपारी, पंख्याखाली तासभर गेम चालला की दिसते. म्हणून एकाच कार्डाच्या दोन लॅपटॉपांत मागच्या बाजूला हवेचे मोठे झरोके आणि दोन पंखे असलेला घ्यावा, मग तो दिसायला ओबडधोबड का असेना.

व्हीरॅम किती हवी हे कामावर ठरते. ऑटोकॅडमध्ये नुसते टू-डी प्लॅन काढणाऱ्याने पैसे मुख्य प्रोसेसर आणि रॅमवर घालावेत. वाशी-बेलापूरच्या इंटिरिअर डिझायनरांकडे मात्र लुमियन किंवा एन्स्केप या थ्री-डी चित्र घडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खा फ्लॅट फर्निचरसकट उभा राहतो. सीन व्हीरॅममध्ये मावला नाही की सॉफ्टवेअर कासवगतीने चालते किंवा बंदच पडते. त्यांनी ८ जीबीवर थांबू नये. यात ५०७० हे नवे नाव पाहूनही भुलू नये, कारण लॅपटॉपच्या ५०७० मध्येही ८ जीबीच आहे. १२ जीबी ५०७० टीआयपासून मिळते. मशीन लर्निंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मुख्यतः कुडा (जीपीयूवर आकडेमोड करायची एनव्हिडियाची प्रणाली) चालणारे, म्हणजे एनव्हिडियाचेच कार्ड लागते.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांची गोष्ट जरा वेगळी. बऱ्याच कॅमेऱ्यांची १० बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती साठवणारी) फाइल ४० मालिकेपर्यंतची एनव्हिडिया कार्डे स्वतः उलगडू शकत नाहीत. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचे इंटिग्रेटेड ग्राफिक्स एचईव्हीसी या व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतीत ते करते. महागड्या कार्डाच्या शेजारी साधा इंटेल जीपीयू असणे इथे फायद्याचे ठरते. ५० मालिकेत ही उणीव भरून निघाली.

गेमिंगसाठी फुल एचडीला ८ जीबीचे, चांगल्या वॉटेजचे कार्ड पुरेसे आहे. मक्स स्विच आहे का ते पाहावे. तो असला की चित्र इंटिग्रेटेडच्या वाटेने न जाता थेट पडद्यावर पोहोचते आणि फ्रेम वाढतात. बॅटरीवर मात्र कोणतेही मोठे कार्ड पूर्ण ताकदीने चालत नाही. म्हणजे ठाणे-वाशी लोकलने रोज ये-जा करणाऱ्याच्या पाठीवर अडीच किलोचा लॅपटॉप आणि वर २३० वॉटचा विटेएवढा अडॅप्टर, दोन्ही आले. ज्याला हे ओझे नको त्याने हलका लॅपटॉप आणि घरी डेस्कटॉप असा हिशेब करून पाहावा. दोन्ही मिळून खर्च पुष्कळदा तेवढाच येतो.

ठाण्यातल्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईतल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या डिझाइन विभागांत सॉलिडवर्क्स, कॅटिया ही यंत्रभाग रेखाटायची सॉफ्टवेअर चालतात. तिथे एनव्हिडियाची वर्कस्टेशन कार्डे घेतात, कारण त्यांचे ड्रायव्हर त्या सॉफ्टवेअरसाठी प्रमाणित असतात. त्याच पैशात गेमिंगचे कार्ड जास्त वेग देते आणि शिकाऊ माणसाला तेच परवडते.