दुधीचा रस काढण्याआधी एक फोड चाखा

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांनी सकाळी सकाळी फोटो टाकला. काचेचा उंच ग्लास, त्यात फिकट हिरवा दुधीचा रस, वर पुदिन्याचं पान. खाली लिहिलं होतं, "आज जरा कडू लागला, पण कडू तेच गुणकारी!" त्यावर सात-आठ जणांनी हात जोडले होते. मी ते वाचलं आणि तसाच पायांत चपला सरकवून त्यांच्या घरी गेलो. काकूंनी अर्ध्यावरच ग्लास हातातून काढून घेतला होता. तरी तासाभरात पोटात मुरडा आला, दोनदा उलटी झाली. दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, संध्याकाळी घरी आले. थोडक्यात निभावलं.

हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. कडू तेच गुणकारी, हे दुधीच्या बाबतीत साफ चुकीचं आहे आणि ते जिवावर बेतू शकतं.

आधी एक सांगतो. घरी ताज्या भाज्यांचा रस काढून पिण्याला माझा विरोध नाही. आमच्याकडेही गाजर, बीट, काकडी, दुधी असं काही ना काही आठवड्यातून दोनदा मिक्सरमधून फिरतं. रस गाळला की तंतू गाळणीत राहतात, म्हणून तो चोथा मी फेकत नाही, थालीपिठाच्या भाजणीत मळतो. आणि रसाने शरीर 'डिटॉक्स' होतं, या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करत असतात, त्यांना त्यासाठी हिरव्या ग्लासची गरज नसते. रस म्हणजे पाणी, थोडे क्षार, थोडी जीवनसत्त्वं आणि चव. तेवढं पुरेसं आहे.

आता दुधीकडे येऊ. २०१० साली दिल्लीत एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाचा दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला. पती-पत्नी दोघांनीही दुधीच्या रसात कारल्याचा रस मिसळून घेतला होता. रस नेहमीपेक्षा कडू होता. दोघांनाही उलट्या-जुलाब झाले, पत्नी वाचल्या, ते गेले. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि देशभरातली अशी प्रकरणं तपासून समितीचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१८ मध्ये पुण्यातही दुधीचा रस घेतल्यावर एका महिलेचा मृत्यू झाल्याची बातमी आली होती. बातमी येते, चार दिवस चर्चा होते आणि पाचव्या दिवशी पुन्हा कोणीतरी कडू रस नाक दाबून पितं.

या कडवटपणामागे जे रसायन आहे त्याचं नाव कुकुर्बिटॅसिन. खरं तर हा एक रेणू नाही, भावंडांचा गोतावळा आहे. काकडी, दुधी, दोडका, पडवळ, तोंडली, तांबडा भोपळा, कलिंगड, खरबूज या सगळ्या वेलींच्या कुळाला वनस्पतिशास्त्रात कुकुर्बिटेसी म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. तुम्ही हे रसायन नक्की चाखलं असेल. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानानंतर तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारिट फोडतात आणि त्याचा रस जिभेला लावतात. ते इवलंसं हिरवं फळ काकडीच्या घरातलंच, रानात वाढलेलं. त्या एका थेंबाने तोंड कसं वाकडं होतं ते आठवा. अब्जात काही भाग इतक्या कमी प्रमाणातही माणसाच्या जिभेला कुकुर्बिटॅसिन कळतं. निसर्गातल्या सर्वांत कडू पदार्थांत त्याची गणना होते.

वेल हे बनवते कसं, हा मला सर्वांत आवडणारा भाग आहे. थोडा धीर धरून वाचा.

प्रत्येक पेशीला आपलं आवरण घट्ट ठेवायला स्टेरॉल लागतात. आपल्या शरीरात ते काम कोलेस्टेरॉल करतं, वनस्पतींत त्यांची स्वतःची स्टेरॉलं. दोन्हीकडे कच्चा माल एकच आहे, ३० कार्बन अणूंची एक लांब साखळी. तिचं नाव ऑक्सिडोस्क्वालीन. ही साखळी सुतळीसारखी लोळत असते. मग एक विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) येतं, साखळीला आपल्या पोटातल्या खाचेत एका ठरावीक घडीत दुमडतं आणि एका टोकाला धक्का देतं. त्या धक्क्यासरशी एकामागोमाग एक बंध जुळत जातात आणि क्षणार्धात चार कडी एकमेकांना चिकटलेला सांगाडा तयार होतो. माणसात या सांगाड्याला लॅनोस्टेरॉलचं रूप येतं आणि पुढे वीसेक पायऱ्यांनी त्याचं कोलेस्टेरॉल होतं. काकडीच्या कुळात मात्र याच साखळीवर काम करणारं आणखी एक विकर आहे. ते साखळी जवळजवळ तशीच दुमडतं, पण शेवटी एक मिथिल गट (एक कार्बन आणि त्याला चिकटलेले तीन हायड्रोजन) सांगाड्यातल्या १० व्या कार्बनवरून सरकवून ९ व्या कार्बनवर बसवतं. आपल्या कोलेस्टेरॉलमध्ये तो १० वरच राहतो. एवढ्या फरकाने जो रेणू बनतो त्याला कुकुर्बिटाडायेनॉल म्हणतात. पुढे दुसरी विकरं त्यावर ठिकठिकाणी ऑक्सिजन जोडतात, एखादा ॲसिटिल गट (दोन कार्बनचा छोटा तुकडा) लावतात आणि जहाल कडू कुकुर्बिटॅसिन तयार होतं. पेशीचं आवरण घडवणारा कच्चा माल आणि या विषाचा कच्चा माल एकच आहे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

या कारखान्याला बटणंही आहेत. २०१४ साली चिनी संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात काकडीतली कडवटपणाची नऊ जनुकं आणि ती चालू-बंद करणारी दोन नियंत्रक जनुकं दाखवली. एक नियंत्रक पानात काम करतो, दुसरा फळात. रानटी काकडीत दोन्ही चालू असतात. माणसाने हजारो वर्षं कमी कडू फळांचं बी राखून ठेवलं, त्यात फळातलं बटण मिटत गेलं, पानातलं तसंच राहिलं. म्हणून आजही गोड काकडीच्या वेलीचं पान चावून बघितलं तर ते कडू निघतं.

म्हणजे कारखाना पाडलेला नाही, फक्त बंद ठेवलाय. ऊन तापलं, पाण्याला खाडा पडला किंवा अचानक थंडी पडली की काही वाणांत तो पुन्हा थोडाफार सुरू होतो. एकाच वेलीवर, एकाच पाटीत, एक फळ गोड आणि शेजारचं कडू असं होऊ शकतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. तुकतुकीत, लव असलेला, नखाने सहज टोचला जाणारा कोवळा दुधीही कडू असू शकतो.

दुसरं कारण बियाण्याचं. तंबोऱ्याचा भोपळा आणि भाजीचा दुधी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीचे. मिरजेच्या कारागिरांना लागणारे मोठाले भोपळे पंढरपूर, बेगमपूरच्या भागात पिकतात. हा भोपळा कडू, म्हणून तो भाजीचा नाही. असा भोपळा आणि दुधी जवळजवळ असले तर भुंग्या-मधमाश्यांमुळे परागकण इकडचे तिकडे जातात. इथे एक गैरसमज मी गावोगाव ऐकला आहे: "शेजारी कडू भोपळा लावला म्हणून यंदा आमचा दुधी कडू झाला." असं होत नाही. फळाचा गर आईच्या ऊतींचा असतो, त्यात परागाचा वाटा नसतो. परागाचा वाटा बीत असतो. म्हणून त्या वर्षी फळ गोडच राहतं, पण त्यातलं बी राखून पुढच्या वर्षी लावलं की वेल कडू निघू शकतो. परसातल्या वेलीचं घरचं बी वर्षानुवर्षं लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. जर्मनीत २०१५ मध्ये घरच्या बागेतल्या कडू झुकिनीची (हीही भोपळ्याच्याच कुळातली) भाजी खाऊन एक वृद्ध गृहस्थ दगावले होते. भाजी शिजवलेली होती, तरीही. कुकुर्बिटॅसिन उकळून जात नाही, हे त्यावरून लक्षात घ्या.

वेल हे सगळं करते ते स्वतःला वाचवायला. बहुतेक प्राणी एक घास घेऊन तोंड फिरवतात. गंमत अशी की वेलवर्गीय भाज्यांच्या पानांची चाळण करणारे तांबडे भुंगेरे नेमके याच रसायनाकडे ओढले जातात. ते खाऊन अंगात साठवतात, त्यामुळे त्यांना खाणाऱ्यालाही ते कडू लागतात. वेलीची ढाल त्यांनी आपली ढाल केली.

पोटात काय होतं? जठर आणि आतड्याच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होते. काही रुग्णांच्या दुर्बीण तपासणीत जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात ओरखडे, व्रण, रक्तस्राव दिसला आहे. बारीक रक्तवाहिन्या जास्त पाझरू लागतात, द्रव बाहेर झिरपतो, वाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब खाली येतो. म्हणून पोटदुखी, उलट्या, जुलाब, क्वचित रक्ताची उलटी आणि शेवटी धाप लागून शुद्ध हरपणं, असा क्रम दिसतो. यावर उतारा असं औषध नाही. सलाईन, रक्तदाब सांभाळणं, आम्ल कमी करणारी औषधं, हाच उपचार. तो वेळेत मिळाला तर बहुतेक लोक बरे होतात. त्यामुळे कडू रस प्यायल्यावर पोटात गडबड वाटली तर ओवा, लिंबू, ताक यांत वेळ घालवू नका, थेट रुग्णालयात जा आणि काय प्यायलात ते डॉक्टरांना आधी सांगा.

भाजीपेक्षा रसाने जास्त लोक संकटात सापडतात, त्याचं कारण साधं आहे. कडू भाजीचा पहिला घास आपण थुंकतो. रस काढताना अख्खा दुधी एका ग्लासात येतो, रिकाम्या पोटी येतो आणि आपण तो औषध म्हणून गटागटा पितो. त्यात कारलं घातलं तर मग बघायलाच नको. कारल्याचा कडवटपणाही याच घराण्यातल्या रेणूंचा, पण आपण खातो ते कारलं त्या प्रमाणात विषारी नसतं. शिवाय कारलं कडूच असणार हे आपण मनाशी धरूनच पितो. त्यामुळे दुधी कडू आहे हे सांगणारी जीभ कारल्याच्या आवाजात ऐकूच येत नाही. संशोधन परिषदेच्या समितीनेही दुधीचा रस दुसऱ्या कोणत्या रसात मिसळू नका, असंच सांगितलं आहे.

आणि जीभ हे फार भारी यंत्र आहे. गोडासाठी आपल्याकडे संवेदकांची एकच जोडी आहे, कडूसाठी मात्र सुमारे २५ वेगवेगळे. निसर्गात विषं अनेक प्रकारची असतात आणि त्यातली बरीच कडू लागतात, म्हणून पहारेकरीही जास्त. शाळेच्या पुस्तकात कडू जिभेच्या मागच्या भागात कळतं, असं एक चित्र असायचं. ते चुकीचं आहे, कडू सगळ्या जिभेला कळतं. चाखताना फोड पुढच्या दातांनी चावून दोन क्षण जिभेवर फिरवली तरी पुरतं.

काकडीचं देठाकडचं टोक कापून त्यावर घासलं की पांढरा फेस येतो आणि 'कडूपणा निघून जातो', असं घरोघरी मानतात. काकडीत देठाकडे कडू जास्त असतं, त्यामुळे ते टोक कापून टाकल्याने फरक पडतो. घासण्याने पडत नाही. फेस म्हणजे कापलेल्या नळ्यांतून आलेला रस. उरलेल्या काकडीच्या गरातलं रसायन त्या फेसातून बाहेर ओढलं जात नाही. दुधी कडू निघाला की 'इंजेक्शन दिलेला असणार' असंही म्हणतात. हे रसायन बाहेरून टोचावं लागत नाही, वेल ते स्वतःच बनवते. आणि प्रयोगशाळेत कुकुर्बिटॅसिनांनी कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखली, हेही खरं आहे. त्यावर संशोधन चालू आहे. पण काचेच्या बशीत पेशी मारणारा पदार्थ आपल्या निरोगी पेशींनाही सोडत नाही. दुधीच्या कडू रसाने कर्करोग बरा होतो असे संदेश पुढे पाठवू नका.

आमच्याकडे आता पद्धत ठरलेली आहे. दुधी धुतला, साल काढली की दोन्ही टोकांची आणि मधली अशा तीन पातळ चकत्या. तिन्हींतला थोडा थोडा तुकडा बायकोही चाखते आणि मीही, कारण सर्दी-तापात एखाद्याच्या तोंडाला चव नसते. नुसती, मीठ न लावता. जराशी जरी कडू लागली तरी थुंकून तोंड धुवायचं आणि अख्खा दुधी टाकून द्यायचा, बाकीचा भाग वापरायचा नाही. तीस-चाळीस रुपयांचा दुधी टाकताना आईचा जीव कासावीस होतो, पण त्यावर वाद नाही. तिन्ही चकत्या गोडसर, पाणचट लागल्या की मगच फोडी मिक्सरमध्ये जातात. पुदिना, जिरेपूड आणि सैंधव सगळ्यात शेवटी, ग्लासात ओतताना.

काल काकूंचा फोन आला होता. काका नवीन दुधी घेऊन आलेत, पण चाखायला तुम्हीच या म्हणतात.