आवडीचं कॉलेज वर टाकलं म्हणून खालची सीट जात नाही

अ‍ॅडमिशनच्या दिवसात एक मेसेज फिरतोच, "पसंतीक्रमात पहिलं नाव मिळण्यासारख्या कॉलेजचंच टाका, मोठं कॉलेज वर टाकलं तर दोन्ही जातात." घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजला जात असेल तर भीती वाटणारच, विचारायचं तरी कोणाला.

पण जिथे मेरिटनुसार एकत्रित ऑनलाइन वाटप होतं तिथे कॉम्प्युटर आधी रँक बघतो, मग त्या मुलाची यादी वरून खाली वाचतो, आणि जागा शिल्लक असलेलं पहिलं कॉलेज देतो. समजा तुमच्या मुलीची रँक 55 आहे, वरचं कॉलेज भरलं, मग दुसऱ्या नावावर गेलं. तिथे 70 रँकवाल्या मुलाने तेच कॉलेज पहिलं टाकलंय. तरी सीट मुलीलाच, कारण तुलना रँकची होते, यादीत कितव्या नंबरवर टाकलं त्याची नाही. कागदावर चार मुलं आणि दोन कॉलेजं घेऊन करून बघा, लगेच कळतं.

मात्र सगळीकडे हीच पद्धत नसते, काही ठिकाणी पहिली पसंती देणाऱ्यांना आधी घेतात, म्हणून माहितीपुस्तिकेतलं सीट वाटपाचं पान नीट वाचा. पहिला पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो का, हेही तिथेच बघा. आणि यादी फार छोटी ठेवू नका हो, खरी सीट हुकते ती त्यामुळे, वरच्या दोन-तीन कॉलेजांच्या जागा भरल्या की यादीत खाली काहीच उरत नाही.